बल्ब आधी, टाचण नंतर : डी.एल.एड.च्या वर्गात विज्ञान-तंत्रज्ञानाची तयारी

अध्यापक विद्यालयात, म्हणजे डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेला, पुष्कळ मुलंमुली बारावी कला शाखेतून येतात. विज्ञानाशी त्यांची शेवटची गाठ दहावीच्या परीक्षेत पडलेली असते, तीही बहुतेकदा गाईडमधल्या उत्तरांपुरती. दोन वर्षांनी हीच मंडळी तिसरी-चौथीला परिसर अभ्यास शिकवणार, काही जण बालवाडीत जाणार. त्यांना दिग्दर्शन पद्धती, प्रयोग पद्धती, प्रकल्प पद्धती अशी नावं पाठ असतात. पण एक सेल, एक बल्ब आणि वायरचा एक तुकडा हातात दिला की बल्ब लागत नाही.

म्हणून क्रम बदला. आधी वस्तू हातात, मग स्वतःचा अंदाज कागदावर, मग करून पाहणं, मग 'मी आधी असं का समजत होतो' यावर बोलणं. टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, सगळ्यात शेवटी. हा क्रम मुलांसाठी आहेच, पण त्याआधी तो शिक्षक होणाऱ्यांसाठी आहे. 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यातही वर्गात मुलांनी करायचे तेच प्रयोग शिक्षक प्रशिक्षणात स्वतः करत. इथे तेच करायचं आहे. दोन तासिका जोडून घ्या. 40 मिनिटांत साहित्य वाटण्यातच अर्धा वेळ जातो.

बल्ब : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

40 छात्राध्यापक (शिक्षक होण्यासाठी शिकणारे) म्हणजे 20 जोड्या. त्यासाठी 1.5 व्होल्टचे मोठे टॉर्चचे सेल 25, स्क्रूचे 2.5 व्होल्टचे टॉर्च बल्ब 25, आणि प्लास्टिक वेष्टनाच्या तांब्याच्या वायरचे 30 सेंटिमीटरचे 50 तुकडे लागतात. तुकड्यांची दोन्ही टोकं 2 सेंटिमीटर सोलून ठेवा. पेन्सिल सेल चालतो, पण मोठा सेल हातात नीट धरता येतो. हल्ली दुकानात सरळ एलईडी पुढे करतात. पहिल्या तासाला तो घेऊ नका. लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट आणि पांढऱ्याला 3 व्होल्टच्या आसपास लागतात, त्यामुळे एका सेलवर तो पेटत नाही. शिवाय तो एकाच दिशेने जोडला तर लागतो. परिपथ कळायच्या आधीच दोन नव्या अडचणी उभ्या राहतात. होल्डर आणि स्विचही पहिल्या तासाला नकोत. होल्डर लावला की बल्बची दोन टोकं दिसेनाशी होतात, आणि तीच तर शोधायची आहेत.

प्रत्येक जोडीला एक सेल, एक बल्ब आणि वायरचा एकच तुकडा द्या. दुसरा मागितला तरी देऊ नका. पण हात लावायच्या आधी पाच मिनिटं वहीत आकृती काढायला सांगा: बल्ब लागण्यासाठी कसं जोडाल? नाव लिहून आकृत्या गोळा करा, नाहीतर नंतर जो तो म्हणतो की मला माहीतच होतं.

आकृत्यांमध्ये दोन चुका हमखास दिसतात. पहिलीत सेलच्या वरच्या टोकापासून बल्बच्या खालच्या टोकापर्यंत एकच वायर असते आणि सेलचं खालचं टोक मोकळं असतं. डोक्यातलं चित्र नळासारखं असतं: सेलमधून वीज निघाली, बल्बमध्ये पोचली, काम झालं. दुसरीत सेलच्या दोन्ही टोकांतून येणारी वीज बल्बच्या खालच्या एकाच ठिपक्यात येऊन भेटते. बल्बचं धातूचं अंग कुणी वापरतच नाही. याला एक घरगुती कारणही आहे. आपल्याकडचा घरातला पिनचा बल्ब तळाशी दोन ठिपके असलेला असतो, म्हणून 'दोन टोकं तळाशीच असतात' हे डोळ्यांना पटलेलं असतं. स्क्रूच्या बल्बचं एक टोक तळाशी आणि दुसरं म्हणजे स्क्रूचं अंगच.

आता करू द्या. जोड्या दहा-पंधरा मिनिटं चाचपडतात, तेवढा वेळ त्यांना मिळू द्या. एखाद्या कोपऱ्यात बल्ब लागला की 'कसं ते सगळ्यांना दाखव' म्हणू नका. तसं केलं की बाकीच्या जोड्यांचा शोध तिथेच संपतो. 'अजून एका प्रकारे लाव' असं सांगा. एकूण चार प्रकार आहेत: बल्बचं तळटोक सेलच्या धन टोकावर टेकवून वायर ऋण टोकापासून बल्बच्या अंगाला, तळटोक ऋण टोकावर ठेवून वायर धन टोकापासून अंगाला, आणि याच दोन जोडण्या बल्ब आडवा करून, म्हणजे अंग सेलला टेकवून आणि वायर तळटोकाला लावून. चारही सापडले की नियम त्यांच्याच तोंडून येतो: सेलची दोन टोकं, बल्बची दोन टोकं आणि मधे कुठेही तुटक नाही.

कुठे फसतं तेही आधीच सांगून ठेवतो. वायर बल्ब सोडून थेट सेलच्या दोन टोकांना लागली की गरम होते. लगेच सोडायला सांगा, आणि ती गरम का झाली हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा. मोटरच्या गुंडाळीतली, चमकदार लाखेचा लेप असलेली तार वापरली तर टोकं पॉलिश पेपरने घासल्याशिवाय काहीच होत नाही, आणि छात्राध्यापक 'बल्ब उडालाय' असं ठरवून मोकळे होतात. उजेडाच्या खोलीत एका सेलवर 2.5 व्होल्टचा बल्ब मंद लागतो, तेव्हा खिडक्या थोड्या बंद करा. चुकून 6 व्होल्टचे बल्ब आले असतील तर तार तापतही असेल, पण दिसणार काही नाही. घरातली वीज किंवा मोटरसायकलची बॅटरी या तासाला कुठल्याही कारणाने नको. बॅटरीत शॉर्ट झालं तर वायर क्षणात लालभडक होते.

मग दुसरा भाग. दोन जोड्या एकत्र करून दोन सेल एकामागे एक आणि दोन बल्ब एकाच वाटेवर जोडायला सांगा. त्याआधी प्रश्न: कुठला बल्ब जास्त उजळेल? 'धन टोकाजवळचा, कारण त्याला वीज आधी मिळते आणि तो थोडी खाऊन टाकतो' हे उत्तर ठरलेलं. सारखेच बल्ब असतील तर दोन्ही सारखेच लागतात. मात्र एकाच खोक्यातले बल्बही कधी कधी किंचित वेगळे निघतात, आणि नेमका धन टोकाजवळचाच जास्त उजळला तर चुकीची समजूत आणखी घट्ट होते. उपाय सोपा आहे: दोन बल्बांची जागा बदला. जास्त उजेड बल्बाबरोबर गेला तर फरक बल्बाचा, जागेचा नाही. ही अदलाबदल करून पाहण्याची सवय छात्राध्यापकाच्या हाताला लागली तर निम्मं विज्ञान शिकून झालं, असं आम्ही मानतो.

शब्दांकडे लक्ष द्या

'करंट' म्हटलं की मराठी मुलाला झटकाच आठवतो. करंट 'लागतो', 'बसतो'. म्हणून बल्बच्या तासाला मुलं सेलला हात लावायला घाबरतात, आणि छात्राध्यापकही घाबरतात. 1.5 व्होल्टच्या सेलने झटका बसत नाही हे स्वतः दोन्ही टोकांवर बोटं ठेवून दाखवा, आणि भिंतीतल्या सॉकेटची गोष्ट पूर्ण वेगळी आहे हेही त्याच वाक्यात सांगा.

'वितळणं' आणि 'विरघळणं' यांचा घोळ बारावी झालेल्यांतही असतो. मेण वितळतं, साखर विरघळते. हे व्याख्येने सुटत नाही. एका वाटीत तूप किंवा मेणाचा तुकडा गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवा आणि शेजारच्या ग्लासात पाण्यात साखर टाका. पहिल्या वाटीत एकच पदार्थ आहे, दुसऱ्यात दोन लागले, हे बोट ठेवून दाखवता येतं. साखर 'गायब झाली' असं लहान मूल म्हणेल. तेव्हा साखर टाकण्याआधी आणि नंतर ग्लास तराजूत ठेवा. टाकण्याआधी मोजताना साखरेची पुडीही त्याच पारड्यात हवी, आणि नंतर रिकामा झालेला कागदही. नाहीतर हिशेब चुकतो आणि दोष निसर्गाला लागतो.

'प्राणी' या शब्दाचंही तसंच. मुंगी प्राणी आहे का, माणूस आहे का, चिमणी आहे का, हे छात्राध्यापकांनाच आधी हात वर करायला लावून विचारा. बोलीभाषेत प्राणी म्हणजे चार पायांचा आणि अंगावर केस असलेला. मुंगी 'किडा' असते आणि चिमणी 'पक्षी'. तसंच वाफ. किटलीच्या तोंडाशी पांढरं दिसतं ते पाण्याचे बारीक थेंब. खरी वाफ तोंडाच्या अगदी जवळच्या त्या मोकळ्या दिसणाऱ्या पट्ट्यात असते आणि ती दिसत नाही. भाजतं मात्र तिथेच, म्हणून हे लांबूनच दाखवायचं.

वर्गात मूल अहिराणीत, वऱ्हाडीत किंवा मालवणीत सांगेल तर तसंच फळ्यावर लिहा. शब्द सुधारायला गेलात की निरीक्षण सांगणं थांबतं. प्रमाण शब्द त्यानंतर शेजारी लिहायचा.

पुस्तकातला प्रयोगही तपासायचा

एक प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चुकीच्या कारणासह शिकवला जातो, म्हणून तो मुद्दाम घ्या. थाळीत 2 सेंटिमीटर रंगीत पाणी, मधे वाढदिवसाची मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, ग्लासात पाणी चढतं. छापील कारण: हवेतला पाचवा हिस्सा असलेला ऑक्सिजन जळून संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली.

आता बारकाईने पाहायला लावा. एका जोडीदाराने फक्त ज्योत बघायची, दुसऱ्याने फक्त पाण्याची पातळी. ज्योत जळत असताना पाणी थोडंसंच हलतं; झपकन चढतं ते ज्योत विझल्यावर. ग्लास खाली ठेवताना काठाखालून बुडबुडे निघतात का तेही बघा. मग त्याच ग्लासात आधी एक, मग दोन, मग तीन मेणबत्त्या लावून पाणी किती चढतं ते पट्टीने मोजा. मेणबत्त्या वाढल्या की पाणीही जास्त चढतं. ऑक्सिजन संपणं हेच कारण असतं तर ते दर वेळी सारखंच चढायला हवं होतं. ज्योतीने हवा तापून फुगते, तिचा काही भाग बाहेर निसटतो. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आक्रसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हाही ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो.

मोजमाप जमत नसेल तर तीन गोष्टी बघा: प्रत्येक वेळी ग्लासात ताजी हवा भरली का (ग्लास उलटा करून हलवा आणि आतून पुसा), मेणबत्त्यांची उंची सारखी आहे का, आणि ग्लास खाली ठेवायचा वेग सारखा आहे का. ग्लास फार हळू ठेवला तर आत आधीच गरम झालेली हवा अडकते. केस बांधलेले, ओढणी खोचलेली आणि शेजारी पाण्याची बादली, एवढं झाल्यावरच काडी पेटवायची.

काठीची सावली

याला फक्त 1 मीटरची सरळ काठी, ओळंबा आणि खडू लागतो. सकाळी साडेनऊपासून दर अर्ध्या तासाला सावलीच्या टोकावर खूण करा. बारा ते एक दरम्यान दर पाच मिनिटांनी. आधी अंदाज लिहून घ्या: बारा वाजता सावली किती असेल? 'नसेलच, सूर्य डोक्यावर असतो' असंच लिहिलेलं मिळेल. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात 22 डिसेंबरच्या सुमाराला 1 मीटर काठीची सर्वात लहान सावलीसुद्धा 90 सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि ती बाराला नाही तर साडेबारा वाजून गेल्यावर पडते. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. नागपूरला हा फरक बराच कमी. सावली खरोखर नाहीशी होते ती वर्षात दोनच दिवस, एकदा मे महिन्यात आणि दुसऱ्यांदा पावसाळ्यात, जेव्हा ढगांमुळे ती बहुधा पाहायला मिळत नाही. काठी किंचित कललेली असेल तर सगळं चुकतं, म्हणून ओळंबा दर तासाला लावून बघा.

तंत्रज्ञान म्हणजे मोबाईल नव्हे

घरातल्या तंत्रज्ञानाच्या दहा वस्तू लिहायला सांगितल्या की यादी मोबाईलने सुरू होते आणि बहुतेक वस्तूंना वायर असते. मग टेबलावर विळी, सांडशी, अडकित्ता, चिमटा, सुई आणि पाटा-वरवंटा ठेवा. कुणीतरी एका अडचणीवर विचार करून ही वस्तू घडवली, मग हे तंत्रज्ञान नाही का?

तरफेचे प्रकार पाठ असतात, पण वस्तूत दिसत नाहीत. अडकित्त्यात टेकू एका टोकाला, सुपारी मधे, हात दुसऱ्या टोकाला. चिमट्यात जोर मधे लावतो आणि भार टोकाला असतो, म्हणून चिमट्याने सुपारी फुटत नाही पण निखारा मात्र अचूक धरता येतो. सांडशीत टेकू मधे. प्रत्येकाने वस्तू हातात धरून टेकू, भार आणि बल यांवर तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लावायच्या. चिकटपट्टी चुकली की लगेच दिसते. वहीतल्या आकृतीत ती चूक लपते.

दुसरं काम कागदी पुलाचं. दोन जाड पुस्तकांमध्ये 20 सेंटिमीटर अंतर, त्यावर ए-4चा एकच कागद. कात्री, डिंक नाही. मधोमध जास्तीत जास्त नाणी पेलायची. सपाट कागद एक-दोन नाण्यांतच वाकतो. एक एक सेंटिमीटरच्या उभ्या घड्या घालून पंख्यासारखा केलेला कागद कितीतरी जास्त पेलतो. घड्या पुलाच्या लांबीच्या दिशेने हव्यात. आडव्या घातल्या की पूल सपाट कागदापेक्षाही लवकर बसतो. ही चूक निम्म्या जोड्या करतात. करू द्या, कारण पुढच्या प्रयत्नात त्या घडी का घालायची ते स्वतः सांगतात. नाणी एकाच मालिकेतली घ्या; पाच रुपयांच्या वेगवेगळ्या मालिकांचं वजन वेगळं आहे. तीन प्रयत्न सक्तीचे, आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद: काय बदललं, का बदललं, किती नाणी. एकाच वेळी दोन गोष्टी बदलणाऱ्याला विचारा की फरक कशामुळे पडला.

बालवाडीकडे जाताना

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना कारण सांगायचं नसतं, करू द्यायचं असतं. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरातल्याच वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं, आणि ते साहित्य आजही जवळपास फुकट मिळतं. परातीत 10 सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी, शेजारी पूर्ण वेळ एक मोठं माणूस. पाण्यात टाकायला मोसंबी, बटाटा, लाकडी चमचा, स्टीलचा चमचा, स्टीलची वाटी आणि मळलेल्या मातीचा गोळा. चिंचोके, मणी, वाटाणे या वयात नकोत. ते नाकात आणि कानात जातात.

छात्राध्यापकांना मात्र कारण कळायला हवं, कारण 'जड बुडतं, हलकं तरंगतं' हे त्यांच्याही मनात घट्ट असतं. स्टीलचा चमचा बुडतो आणि त्याहून जड वाटी तरंगते. सालासकट मोसंबी तरंगते. सोललेली, म्हणजे आधीपेक्षा हलकी, सहसा बुडते, कारण सालीत अडकलेली हवा गेली. बटाट्याचा तुकडा 250 मिलिलिटर पाण्यात बुडतो. मीठ टाकत आणि ढवळत गेलं की तरंगतो. हा प्रयोग फसल्याची तक्रार कायम येते, कारण दोन चमच्यांनंतर लोक थांबतात. साधारण 30 ते 40 ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे मीठ लागतं, आणि प्रत्येक चमचा पूर्ण विरघळेपर्यंत थांबावं लागतं.

सराव पाठ

वर्गमित्रांनाच 'मुलं' करून घेतलेले सूक्ष्म पाठ या कामाचे नाहीत. त्यांना उत्तर माहीत असतं आणि ते शहाण्या मुलासारखे वागतात. सराव शाळेतली पाच-सहा खरी मुलं घ्या, 20 मिनिटं, एकच साहित्य. टाचणात नेहमीच्या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना आखा: 'मुलं काय म्हणतील'. पाठानंतर त्याच्याच शेजारी 'मुलं खरंच काय म्हणाली', तेही त्यांच्याच शब्दांत. या दोन रकान्यांतलं अंतर हाच तुमचा मूल्यमापनाचा आधार. फलकलेखन आणि तक्त्याचं सुशोभन यांना गुण देण्यापेक्षा इथे द्या.

निरीक्षकाने एक गोष्ट घड्याळावर मोजावी: प्रश्न विचारल्यावर छात्राध्यापक किती वेळ थांबतो. सेकंदभरात तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मनात तीन आकडे सावकाश मोजायला शिकवा. आणि 'का?' ऐवजी 'असं केलं तर काय होईल?' विचारायला सांगा. 'का' ला मूल गप्प बसतं, कारण शिक्षकाला बरोबर उत्तर हवंय हे त्याला कळतं. 'काय होईल' ला ते हात पुढे करतं.

'मला उत्तर माहीत नाही, आपण करून बघू' हे वाक्य छात्राध्यापकाने पाठात किमान एकदा खरंच म्हणायला हवं, आणि म्हटल्यावर करून बघायलाही हवं. त्यासाठी टेबलावर थोडं जास्तीचं साहित्य मोकळं ठेवायचं.

सत्र संपलं की सेल पेटीतून काढून वेगळे ठेवा. सुट्टीभर टॉर्चमध्ये किंवा होल्डरमध्ये राहिलेला सेल गळतो आणि स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पुटं चढतात. मग जूनमध्ये पहिल्याच तासाला बल्ब लागत नाही आणि दोष परिपथाला दिला जातो. वायरची टोकं काळी पडली असतील तर पॉलिश पेपरने घासा, मोडकी कापून पुन्हा 2 सेंटिमीटर सोला. बल्ब एकेक करून चांगल्या सेलवर लावून पाहा आणि उडालेले त्याच दिवशी टाकून द्या. पेटीवर आत काय किती आहे त्याची चिठ्ठी चिकटवा.